एंटरखालची स्प्रिंग

टायपिस्ट काकूंचे दोन्ही महागडे कीबोर्ड, जुना आणि नवा, दुरुस्तीवाल्याने टेबलावर उघडले. नव्यात बटणांखाली रबराच्या टोप्या, जुन्यात प्रत्येक बटणाला वेगळी स्प्रिंग.

"काकू, तुमच्या जुन्यापुढे हा नवा पाणी भरेल!"

वीस वर्षांच्या टायपिंगने जुन्यातल्या बाकी स्प्रिंगा सैलावल्या होत्या. एंटरची मात्र कालच बसवल्यासारखी ताठ. त्याने ती चिमट्याने भिंगाखाली धरली. एकाही वेढ्यात केसाइतका फरक नव्हता.

"याला म्हणतात मशीनचं काम. माणसाच्या हाताला सात जन्मांत जमायचं नाही."

काकू हसल्या. "अरे, मूळची पहिल्याच महिन्यात तुटली. ही तुझ्या बाबांनी वळलीय, याच टेबलावर, गिटारच्या तारेची."

स्प्रिंग परत बसवण्याआधी तो उठला आणि हात धुऊन आला.