बॅटरीवरचं नारळपाणी

जीपच्या बॅटरीचा क्लॅम्प गंजून असा चिकटला होता की पाना घसरून घसरून माझी बोटं सोलली.

"माय, दर दसऱ्याले पूजेच्या नारळाचं पाणी बॅटरीवरच काऊन ओततं वं तू? पाह्य, काय करून ठेवलं!"

माय घरात गेली. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून आणला आणि क्लॅम्पवर हळूहळू ओतला. पांढरा फेस उठला, पण क्लॅम्प हलेना. मी वैतागून हातोडी उचलली.

"मारू नको बे, बॅटरी फुटन!"

बाबा ओट्यावरून ओरडले. लकवा मारल्यापासून ते लुळा पडलेला डावा हात मांडीवर ठेवून नुसते बसून असायचे. आज मात्र लंगडत आले, मला बाजूला सारलं आणि क्लॅम्प हलवत हलवत वर ओढला. टपकन निघाला.

"असा काढा लागते," बाबा हसले.

मी त्यांच्या हातांकडे बघतच राहिलो. उजव्या हातात क्लॅम्प होता, आणि डाव्या हातानं त्यांनी बॅटरी घट्ट दाबून धरली होती. त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

मायनं डोळ्याला पदर लावला.

"येत्या दसऱ्याले बी म्या बॅटरीवरच ओतीन," ती म्हणाली.