घरचा नळ

भिंतीपलीकडून पाण्याच्या पितळी गुंडावर लोटा आपटल्याचा आवाज आला आणि पार्वताबाईला हसू फुटलं. धुरपताबाईनं उत्तर दिलं होतं.

धुरपताबाईच्या न्हाणीतलं पाणी सकाळपासून गल्लीत वाहत होतं. पार्वताबाईनं आपल्या अंगणातूनच हाक घातली होती, "काऊन वं धुरपता, नळ बंद कराले हात दुखते का? गल्लीत धानाचा रोवणा लावून राहिली का?"

गावच्या बोरिंगवर तीस वर्षं दोघी अशाच भांडल्या. धुरपताबाई शब्दाला कमी पडली की हातातला लोटा भरल्या गुंडावर वाजवायची. म्हणजे, ऐकलं, आता तोंड आवर. मग घरोघरी नळ आले. गुडघ्यांची सुटका झाली म्हणून दोघींनी मिळून साखर वाटली. त्यानंतर बोरिंगवर जायचं कारण उरलं नाही आणि भेटायचंही. पंधरा दिवसांत धुरपताबाईचं तोंड दिसलं नव्हतं. एकटी बाई, कशावरून तरी रुसली असेल, असं पार्वताबाईला वाटत होतं. आज तो आवाज ऐकून तिचा जीव निवला.

जरा वेळानं पुन्हा वाजलं, हळू.

"बस झालं वं," म्हणत पार्वताबाई गॅसवरचा भात बघायला आत गेली. नऊला नळ गेले. दुपारपर्यंत गल्ली वाळली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता नळ आले आणि गल्ली पुन्हा ओली झाली. पार्वताबाईनं हाक मारली. मग शिवी घातली. मग धुरपताबाईच्या पुतण्याला, चंद्रकुमारला, शेतातल्या बांधीतून बोलावून आणलं. दाराला आतून कडी होती. त्यानं ती तोडली.

धुरपताबाई न्हाणीत कुशीवर पडली होती. अंग थंडगार. नळ तिच्या पायांवर वाहत होता.

उपकेंद्रातली नर्सबाई आली. तिनं वाकडं झालेलं तोंड पाहिलं. "लकवा आहे. काल सकाळीच पडल्या असतील, जीव रात्री कधीतरी गेला. बोलता आलं नसेल त्यांना."

चंद्रकुमार उंबऱ्यावर बसला. दाराशी जमलेल्या बायांकडे त्यानं पाहिलं.

"दिवसभर पडून होती बुढी. एवढ्या घरांत कोणाले आवाज नाही देला का तिनं?"

बायांनी माना हलवल्या. नाही.

"देला," पार्वताबाई म्हणाली. "मले देला. दोनदा. मी हासली."