काना

"पौ-ष्टी-क सॅ-लड," नातीनं मेनूकार्ड मोठ्यानं वाचलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

नात सहा वर्षांची. तिला वाचता येऊ लागून दोन महिने झाले होते आणि तेव्हापासून घरात कुणाच्या कानांना सुट्टी नव्हती. आज तर सहलच होती. सकाळपासून तिनं बसच्या पाट्या, घड्याळांच्या संग्रहालयातली निम्मी घड्याळं आणि जहाजांच्या संग्रहालयातला 'बाहेर' हा शब्द सगळ्यांना वाचून दाखवला होता.

तिच्या आजोबांना सगळे पेंटर म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि कचेऱ्यांचे बोर्ड रंगवले होते. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना अजूनही बरं वाटायचं. त्यांनी कार्ड हातात घेतलं. 'पौष्टीक' दीर्घ होतं. सॅलड आलं ते मात्र ऱ्हस्व निघालं. काकडी, गाजर, कोबीची पानं आणि वर मक्याचे मोजके दाणे. त्यांच्या मुलीनं डॉक्टरांचं नाव घेऊन ती बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि आता शेवटचं, मोठं संग्रहालय राहिलं, असं जाहीर केलं. तिथले सगळे बोर्ड आजोबांनी रंगवलेत, हेही तिनं लेकीला सांगून टाकलं.

पेंटरनी आधी गुडघेदुखी पुढे केली. मग सॅलडनं पोट जड झाल्याचं सांगितलं. यावर जावईसुद्धा हसला. मुलगी हसली नाही.

"बाबा, आई दर सुट्टीला म्हणायची, चला ना तिथं एकदा. तुम्ही नेलं नाहीत. आता ती नाही. निदान आम्हाला तरी घेऊन चला."

पेंटरनी कोबीचं पान गिळलं आणि ते उठले.

गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची होती. नाण्यांच्या दालनात, दाराच्या वर, वीतभर उंच निळ्या अक्षरांत त्यांना लिहायचं होतं, 'कृपया शांतता पाळा'. त्यांनी लिहिलं, 'कृपया शांतता पळा'. एका कान्यानं घात केला. संग्रहालय उघडलं त्याच आठवड्यात शाळेची सहल आली. बाई म्हणाल्या, बोर्ड वाचा आणि तसं वागा. मुलं आज्ञाधारक होती. नाण्यांच्या कपाटांना वळसे घालून ती जी पळाली, ती थेट फाटकाशी थांबली. ही हकिगत दुसऱ्या एका पेंटरनं यांच्या दुकानात येऊन चवीनं सांगितली. बोर्ड कुणाचा, हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच नशीब.

दुरुस्त करायला जायचं, तर आधी कचेरीत जाऊन चूक झाली म्हणावं लागणार होतं. ते पेंटरना जमण्यासारखं नव्हतं. शिवाय रंग चांगल्यातला होता आणि संग्रहालयात जुनं काही फेकत नाहीत. चूक टिकवायला त्याहून चांगली जागा सापडली नसती. त्यांनी दार लावून फक्त बायकोला सांगितलं आणि या विषयावर घरात पुन्हा अवाक्षर निघायचं नाही, अशी तिला शपथ घातली. ती हसली नाही. दालन कुठलं, एवढंच तिनं विचारलं. पुढे दर सुट्टीला ती म्हणायची, चला ना तिथं एकदा. पेंटरना तो टोमणा वाटायचा आणि ते दोन दिवस तिच्याशी बोलायचे नाहीत.

आता ते त्याच संग्रहालयात नातीच्या मागून चालत होते. बोर्ड सगळे जागच्या जागी होते. नात एकही सोडत नव्हती. हत्यारं झाली, भांडी झाली. 'फोटो काढू नयेत' हे तिनं जावयानं फोटो काढून झाल्यावर वाचलं. मग नाण्यांचं दालन आलं. पेंटरनी दाराकडे पाठ केली आणि एका झिजलेल्या नाण्यावर नजर लावली. आता ती वाचणार, मग हसणार, आणि उद्या शाळेत सांगणार.

"कृ-प-या शां-त-ता..." नातीनं दम घेतला. पेंटरनी डोळे मिटून घेतले. "पा-ळा."

दोन महिन्यांच्या वाचकाला चुका सुधारून वाचता येत नाहीत. असेल तेच वाचतो. पेंटर वळले. त्यांनी चष्मा लावला.

काना होता. 'प' आणि 'ळ' यांच्या मधल्या फटीत अंग चोरून उभा होता. निळा रंग जरा गडद होता. आणि काना खालून वर ओढलेला होता, पायाशी जाड आणि डोक्याशी बारीक. कुठलाही पेंटर असा काना काढत नाही. काम फार आलं की पेंटर नुसत्या कडा आखून द्यायचे आणि बायको शेजारी बसून आत रंग भरायची. दर कान्याला ते ओरडायचे, वरून खाली. ती म्हणायची, पोचला ना एकदाचा, मग झालं.

ती एवढ्या उंच चढली कशी, स्टूल कुणी धरलं, पहारेकऱ्याला काय सांगितलं, हे आता तिलाच विचारायला हवं होतं. शपथ तिनं शेवटपर्यंत मोडली नव्हती. तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. काढला होता तो एक काना.

नातीनं त्यांची बाही ओढली. हा बोर्ड पण तुम्हीच रंगवलात का, तिनं विचारलं. मुलीनं परस्पर हो म्हणून टाकलं.

"नाही," पेंटर म्हणाले. "हा आजीनं रंगवलाय."

"सगळा?"

पेंटरनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"सगळा."