क्रूस कशाला हलेल

फोटोतली पोरगी आपणच, हे फेलिशियाने झग्यावरून ओळखलं. मोठ्या बहिणीचा उतरलेला झगा, कोपरापर्यंत लोंबणाऱ्या बाह्या. एक हात विहिरीच्या कठड्यावर. भाचा लिओनेल तो फोटो नौपाड्यातून मोठा करून घेऊन आला होता आणि क्रूसाच्या सणासाठी त्याने तो चौकातल्या भिंतीवर लावला होता. शेजारी इंग्रजांच्या काळातला नकाशा. ठाण्याच्या टॉवरांमध्ये चेपून गेलेलं एवढंसं गावठाण. त्याचा सगळा इतिहास एका भिंतीवर मावला होता.

“नकाशा गंडलाय, आंटी,” लिओनेल म्हणाला. “विहीर आपल्या क्रूसाच्या जागी दाखवलीय. इनास अंकल तर हसत सुटले.”

फेलिशियाही हसली. विहीर क्रूसाच्या उजव्या हाताला होती आणि आता ती रस्त्याखाली गेली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. नकाशा चुकेल, क्रूस कशाला हलेल?

मग तिचं लक्ष फोटोतल्या कठड्यामागे गेलं. तिथे इनासच्या घराची खिडकी होती, तीच कोरीव चौकट, आजही तिथेच असलेली. विहीर बरोबर खिडकीसमोर. आणि क्रूस? क्रूस पार फोटोच्या कडेला, आंब्याखाली.

ती वळली. आजचा क्रूस खिडकीसमोर उभा होता आणि त्याच्याभोवती सगळं गाव जमत होतं.

रस्ता रुंद झाला तेव्हा आंबा गेला, हे तिला ठाऊक होतं. पण ती तेव्हा लग्न होऊन कल्याणला होती, इनास बहरीनला. क्रूस हलवणारे हात केव्हाच चर्चच्या आवारात मातीआड झाले होते. गावात एकच जागा मोकळी होती, तिथे त्यांनी तो आणून बसवला. ती मोकळी का होती, हे विचारायचं त्यांना सुचलं नसावं.

आणि विहीर बुजवलेली नव्हती. जितं पाणी बुजवू नये, म्हणून तिच्या बाबांनी वर ताडाचे ओंडके टाकले होते आणि त्यावर माती पसरली होती. ते तिने स्वतः पाहिलं होतं. त्याआधी ती रोज आत खडा टाकायची आणि ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत श्वास रोखून धरायची. ताडाचं लाकूड झालं तरी ते किती वर्षं टिकणार?

इनास माइक ठीक करत होता. सणाचा सगळा कारभार त्याच्याकडे.

“इनास, माणसं बाजूला घे. खाली विहीर आहे.”

“काय गो, तूपण त्या नकाशाच्या नादी लागली?”

“ती बघ तुझी खिडकी. आणि जाऊन फोटो बघ.”

तो बोटाच्या दिशेने बघत राहिला. मग त्याची नजर क्रूसासमोरच्या लोखंडी स्टँडवर आली. मेणबत्त्या एका बाजूला गळत होत्या.

“दुपारी सरळ लावलेला मी तो,” इनास म्हणाला. “आणि गेल्या पावसात इथले पेव्हर खचलेले... मी नवे बसवून घेतले. ओरडू काय?”

“नको. ओरडलास तर पळतील. इथेच पळतील.”

स्टँडपाशी तिची नात लिओना मांडी घालून बसली होती. एकही मेणबत्ती विझता कामा नये, असं आजीनेच तिला बजावलं होतं. धावत जाऊन पोरीला उचलावं, तर आपलंच वजन वाढायचं.

तिने माइक उचलला. दर वर्षी प्रार्थना फेलिशियाच सांगायची.

“पवित्र मरिये...”

“आम्हांसाठी विनंती कर,” गावाने साथ दिली.

म्हणता म्हणता ती रस्त्याच्या दिशेने चालू लागली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. क्रूसाकडे पाठ करून कोण प्रार्थना म्हणतं? “आंटीचं डोकं फिरलं,” कुणीतरी पुटपुटलं. पण सांगणारी पुढे गेली की म्हणणारे मागे जातात, ही जन्माची सवय. बाया निघाल्या, बँडवाले निघाले, उकडलेल्या चण्यांचं पातेलं घेतलेला चांगदेव निघाला. इनास हात पसरून मागून सगळ्यांना हळूहळू लोटत होता.

लिओना उठली नाही. फेलिशियाने हाताने खुणावलं. पोरीने मेणबत्त्यांकडे बोट दाखवून मान हलवली. सांगितलेलं ऐकणारी पोर, शहाणी. त्या शहाणपणाची फेलिशियाला कधी एवढी भीती वाटली नव्हती.

“लिओने, ये बाळा, एक मेणबत्ती घे, हळूच ये,” तिने त्याच चालीत म्हटलं.

“आम्हांसाठी विनंती कर,” गाव सवयीने म्हणालं.

कुणीतरी हसलं. लिओनाने आजीकडे पाहिलं, एक मेणबत्ती काढली आणि ज्योतीला तळहाताचा आडोसा करून ती येऊ लागली. वारा नव्हता, तरी सांभाळून, एकेक पाऊल टाकत. फेलिशियाने तिचं मनगट धरलं ते इतकं घट्ट की पोर कळवळली.

“आजी, बाकीच्या विझतील ना!”

फेलिशियाने वर पाहिलं. क्रूस होता. त्याच्यासमोर स्टँड नव्हता. सगळ्या ज्योती एकदमच गेल्या होत्या, आणि ते अजून कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

तिने श्वास रोखून धरला.

डुबुक.