मृदंगाची कणीक

या, जरा जवळ सरकून बसा. ऐकून रक्त तापेल अशी गोष्ट सांगते.

निवृत्ती गुरव कीर्तनात मृदंग वाजवायचा. महापुरात तो वाहून गेला, देहही सापडला नाही. त्याच्या शोधासाठी बहीण इंदूने त्याचा फोटो सगळीकडे पाठवला होता. पूर ओसरला आणि तिच्या ईमेलात फसव्या मेलांचा पूर आला. पूर्वी लॉटरी लागल्याचे यायचे, आता पूरग्रस्तांसाठी मदत मागणारे.

एका सकाळी त्यातल्या एकात निवृत्तीच दिसला, गळ्यात मृदंग. खाली लिहिलं होतं, 'बेघर झालोय, पैसे पाठवा.'

आईने तिच्या खांद्यावरून वाचलं. "जिवंत आहे गं माझा निवृत्ती," म्हणत ती उठली आणि कीर्तनाआधी मृदंगाच्या पुडीला, म्हणजे त्याच्या कातडी तोंडाला, लावायची कणीक भिजवू लागली.

इंदूच्या अंगाची लाही लाही झाली. "आई, चोर आहेत ते. दादाने कधी कुणापुढे हात पसरला होता?"

परातीतले हात थांबले. "नाही," आई म्हणाली. "मेल्यांनी माझ्या पोराला दुसऱ्यांदा बुडवलं."

बाबांनो, कीर्तनात मृदंगाला कणीक लावताना पाहाल, तेव्हा आमच्या निवृत्तीला आठवा.