चोरलेलं तिसरं गाणं

रेडिओवर चार गोरी पोरं लेमुएलचं गाणं म्हणत होती. ठेका तोच, मधला उसासासुद्धा तोच. फक्त जीव नव्हता.

लेमुएलने रेडिओ बंद केला. डेल्फिनने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

हे तिसरं गाणं. शिकागोच्या दक्षिणेला, न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत नवरा-बायको स्वतःच गाण्यांच्या तबकड्या काढत. गाणं त्याचं, कागदपत्रं कॉलेजात शिकलेल्या डेल्फिनकडे. तबकड्या काळ्यांच्या वस्तीत खपत. गोऱ्यांची रेडिओ केंद्रं त्या लावतच नसत. आणि पंधरा दिवसांत एक बडी कंपनी तेच गाणं गोऱ्या गळ्यांतून देशभर वाजवायची.

तबकडी बाजारात यायच्या आधीच कुणीतरी तिकडे पोचवतं, असं लेमुएलचं म्हणणं. संशय कारखान्यातून माल आणणाऱ्या एझेलवर. त्याला हाकलायचं त्याने ठरवलंच होतं. डेल्फिन म्हणाली, शनिवारपर्यंत थांब.

शनिवारी त्याच कंपनीचे क्रँडल साहेब आले. खुर्चीवर रुमाल अंथरून बसले. लेमुएलची झालेली आणि होणारी सगळी गाणी कंपनीच्या मालकीची. बदल्यात हजार डॉलर आणि नवी मोटार.

"हे बघ पोरा," चाळिशीच्या लेमुएलला ते म्हणाले, "गाणं काय तिजोरीत ठेवता येतं? राखण करत किती बसशील?"

लेमुएलला पटत होतं. फुकट लुटलं जाण्यापेक्षा विकलेलं बरं. बाळाचं दूध उधारीवर येत होतं. त्याने पेन उचललं.

डेल्फिनने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. आमची गाणी विकायची नाहीत, एवढंच म्हणाली. साहेब दीड हजारावर आले, मग दोनवर. ती बाळाची पाठ थोपटत राहिली. शेवटी साहेबांनी रुमाल उचलला.

"दोन हजार, डेल्फी," मोटार गेल्यावर लेमुएल म्हणाला. "उद्या परत चोरतील, तेव्हा काय खाणार आहेस?"

"त्यांनी दोन हजार का म्हटले, विचार केलास? गाणं आपल्या मालकीचं आहे, लेम. कुणीही गायलं तरी कायद्याने तबकडीमागे दोन सेंट आपल्याला द्यावेच लागतात. त्या पोरांच्या लाखांनी खपतायत. पहिला चेक आज सकाळी आला."

लेमुएलने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "म्हणजे एझेलने चोरून आपलं भलंच केलं."

"एझेलचं नाव घेऊ नकोस. तबकड्या त्यांना टपालाने मीच पाठवते."