वहाणफुलांची टेकडी

"एक कमी पडतंय, साळूबाई," सरोजिनीने वही मिटली. "एकोणपन्नासच भरतात."

फुलंब्रीच्या पुढच्या त्या टेकडीवर वहाणफुले उगवत. एका झाडाला एकच फूल, वहाणेच्या आकाराचे, आणि एकासारखे दुसरे नाही. एक खाकी, तळाला खिळ्यांसारखे ठिपके. एक जरीसारखे पिवळे, टोकाला लाल गोंडा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी सरोजिनी सहा वर्षे त्यांच्यापायी ऊन-तहान विसरली होती. आता टेकडीवर खडीची खाण येणार होती. पन्नास झाडे भरली तरच टेकडी राखीव, असे वनखात्याच्या मोठ्या साहेबांनी सांगितले होते. उद्या ते स्वतः मोजायला येणार होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले म्हणतात, ते असे.

"येकानंच अडलं म्हणा की," साळूबाई म्हणाली. पायथ्याशी तिची खोप होती. टेकडीची राखण तिच्या सासूपासून चालत आलेली. "खाण आली तर येकबी राहायचं नाय?"

"एकही नाही."

साळूबाईने टेकडीकडे पाहिले, मग सरोजिनीच्या पायांकडे.

सरोजिनी सवयीने चपला काढू लागली. वर आसरांचा, जलदेवतांचा झरा, म्हणून अनवाणीच चढायचे. पहिल्या वर्षी ती विसरली, तेव्हा "वहाणंसकट गेलेलं मानूस आसरा ठेवून घेत्यात" म्हणत म्हातारीने दंड धरून तिला मागे ओढले होते. आणि चपला तरी कसल्या! डाव्या पट्ट्याला गुलमंडीच्या मोच्याने पांढऱ्या दोऱ्याचे तिरके टाके घातलेले.

"असू द्या आज पायात," साळूबाई म्हणाली. "सराटे लई झालेत, मास्तरीणबाई."

सरोजिनीला भरून आले. म्हातारीने आपल्यासाठी रीत मोडली होती.

आज चढ जाणवलाच नाही. एकोणपन्नास फुले पुन्हा मोजून ती कातळामागे गेली. काल तिथे नुसती माती होती. आज एक फूल डोलत होते. नवे, तपकिरी.

"साळूबाई! पन्नास झाली!" आनंदाने तिला रडूच फुटले.

खाली साळूबाईने वर पाहिले नाही. ती मातीला डोके टेकून बसली होती. वाऱ्यावर तिचे शब्द तेवढे आले, "माफी करा, मास्तरीणबाई."

सरोजिनी फुलावर वाकली. त्याच्या डाव्या कडेला पांढऱ्या टाक्यांची तिरकी ओळ होती.

तिने आपल्या पायांकडे पाहिले. तिथे नुसते गवत हलत होते.